आई-वडिलांच्या मृत्युपत्रात डावललं गेलं असेल तर: कुठून सुरुवात करायची

आई किंवा वडील जातात, दिवसकार्य उरकतं, आणि मग घरातलं कुणीतरी एक मृत्युपत्र पुढे करतं. त्यात तुमचं नाव नसतंच, किंवा असतं ते अशा एखाद्या ओळीत: "माझ्या मुलीच्या लग्नात मी माझ्या ऐपतीप्रमाणे खर्च केला आहे, सबब तिला या मिळकतीत काही देत नाही." महाराष्ट्रातल्या अशा मुला-मुलींसाठी हा लेख आहे, विशेषतः ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही त्यांच्यासाठी. मुख्य भाग हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांविषयी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी आणि गोव्यातल्या कुटुंबांविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. "मला कमी दिलं, वाढवून द्या" अशी मागणी प्रौढ मुलाला आपल्या कायद्यात करता येत नाही. इंग्लंडमध्ये 1975 चा एक कायदा आहे, त्याखाली सज्ञान मुलगाही आई-वडिलांच्या मालमत्तेतून पुरेशी तरतूद मागू शकतो. आपल्याकडे तसं काही नाही. वडिलांनी स्वतःच्या कमाईचा फ्लॅट धाकट्या मुलाला, पुतण्याला, देवस्थानाला किंवा शेजाऱ्याला दिला, तर तो त्यांचा अधिकार आहे. वाटणी न्याय्य आहे का, हे कोर्ट विचारतच नाही.

कोर्ट तीन गोष्टी विचारतं. ती मालमत्ता वडिलांना एकट्याला देण्यासारखी होती का? मृत्युपत्र खरं आणि कायद्याप्रमाणे केलेलं आहे का? आणि तुम्ही कायद्याने ठरवलेल्या आश्रितांपैकी आहात का? बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, सही खोटी आहे म्हणून वर्षानुवर्षं भांडतात, आणि पहिल्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाही. माझ्या मते खरी ताकद पहिल्या प्रश्नात असते, म्हणून या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी कशावरही सही करू नका

पहिल्या महिना-दोन महिन्यांत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते सहीने. तेराव्याला सगळे जमलेले असतात, "नंतर परत कुठे एकत्र येणार, आत्ताच करून टाकू" असं म्हणत कुणीतरी हक्कसोडपत्र काढतं. नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की ती मागे घेणं फार अवघड असतं. "वाचलं नव्हतं" एवढ्यावर ते रद्द होत नाही. सोसायटीला द्यायचं ना हरकत पत्र, बँकेचा फॉर्म, तलाठ्यापुढचा जबाब, कोरा स्टॅम्प पेपर, यांतलं काहीही समोर आलं तर "मी वाचून सांगते" एवढंच म्हणा आणि फोटो काढून घ्या. भांडायची गरज नाही, नकारही द्यायची गरज नाही.

मृत्युपत्राप्रमाणे तुम्हाला काही रक्कम किंवा दागिने देऊ केले असतील, तर तेही लगेच घेऊ नका. ते स्वीकारलंत तर पुढे समोरचा वकील म्हणणार की मृत्युपत्र तुम्ही मान्य केलंय.

याच दिवसांत मृत्यूच्या दाखल्याच्या तीन-चार मूळ प्रती काढून ठेवा. घरच्या ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. "बाबांना तर सहा महिन्यांपासून माणसं ओळखू येत नव्हती" हे भावानेच कधीतरी लिहिलेलं असतं, आणि त्याची किंमत नंतर कळते.

मृत्युपत्राची नक्कल मिळवा

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहिलेलं, स्टॅम्प नसलेलं मृत्युपत्रही वैध असू शकतं. ते नोंदवलेलं असेल तर काम सोपं आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्रांसाठी वेगळी नोंदवही असते, पुस्तक क्रमांक 3. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही. तो वारल्यावर मात्र मृत्यूचा दाखला जोडून कुणीही अर्ज करू शकतं. "तुम्ही लाभार्थी नाही, तुम्हाला कशी देणार" असं खिडकीवर सांगितलं गेलं, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 57 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मृत्युपत्र नोंदवलेलं नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून प्रत मागा. तो देणार नाही, पण मागितल्याचा पुरावा तयार होतो. पुढे त्याने ते तलाठ्याकडे, सोसायटीत किंवा बँकेत वापरलं की तिथे लेखी अर्ज करून प्रत मागता येते.

एकापेक्षा जास्त मृत्युपत्रं आहेत का, याचाही शोध घ्या. शेवटचं मृत्युपत्र चालतं. 2015 साली नोंदवलेलं मृत्युपत्र 2021 च्या साध्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, दुसरं नीट सिद्ध झालं तर.

मालमत्ता मुळात कुणाची होती?

एका वहीत प्रत्येक मालमत्तेसाठी एक पान करा. शेत, घर, फ्लॅट, दुकान, ठेवी, शेअर, सोनं, विमा. प्रत्येकापुढे लिहा: वडिलांकडे ती कशी आली? खरेदीखताने, वाटणीने, वारसाने, की बक्षीसपत्राने? उत्तराला कागद लागतो, आठवण चालत नाही.

जमिनीसाठी आजचा सातबारा पुरत नाही. मागे जात राहा. सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे नाव बदलाच्या नोंदींचे, क्रमांक गोल करून लिहिलेले असतात. त्यातल्या प्रत्येक क्रमांकाची नक्कल काढा आणि जमीन कुटुंबात आली तिथपर्यंत पोचा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार शासनाच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. जे तिथे सापडत नाहीत ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागा. जुन्या नोंदींत एखाद्या नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." अशी अक्षरं दिसली तर त्या पानाची नक्कल दोनदा काढा. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता असा त्याचा अर्थ. म्हणजे सातबाऱ्यावर नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या कुटुंबाची होती, असं त्या काळच्या सरकारी नोंदीतच लिहिलेलं आहे. शहरातल्या मिळकतीसाठी सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नोंदणी खात्याच्या ई-सर्चवरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा.

आता कायदा. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांना जन्मतः हिस्सा असतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारख्याच जन्मतः हिस्सेदार, केलं, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. पुढे केंद्राची 2005 ची दुरुस्ती आली, ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे ही अट उरली नाही. वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत यावर बरीच वर्षं वाद होता. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला: हक्क जन्मतःच आहे, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटण्या होऊन गेल्या असतील तर त्या उकरून काढता येत नाहीत.

वडिलांना मृत्युपत्राने देता येतो तो फक्त स्वतःचा हिस्सा. हे आकड्यांत बघा. वडिलोपार्जित शेत 4 एकर. घरात वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी. वडिलांनी मृत्युपत्राने चारही एकर मुलाच्या नावे लिहिले. कायदा असं धरतो की मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर प्रत्येकाला काय मिळालं असतं. चौघांना एकेक एकर. वडिलांच्या हातात होता तो एकच एकर. मृत्युपत्र शंभर टक्के खरं ठरलं तरी मुलाला मिळतात दोन एकर, आईला एक आणि मुलीला एक. मृत्युपत्र खोटं ठरलं तर वडिलांच्या त्या एकराचे म्हणजे 40 गुंठ्यांचे तीन भाग होतात आणि मुलीच्या वाट्याला आणखी सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास येतात.

म्हणजे सहीच्या भांडणाचं मोल साधारण तेरा गुंठे, आणि मालमत्तेचं मूळ सिद्ध करण्याचं मोल पूर्ण एक एकर. बहिणी सहीच्या मागे लागून हस्ताक्षर तज्ज्ञावर पैसे घालवतात आणि फेरफाराची नक्कल काढायची राहून जाते, हे बघून मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूचा एक गैरसमजही काढून टाका. "आजोबांची होती म्हणजे वडिलोपार्जित" हे नेहमी खरं नसतं. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला आला. आजोबांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन आजोबा त्यानंतर वारल्यामुळे वडिलांकडे वारसाने आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची मालमत्ता धरतात. 1986 च्या चंदर सेन निकालापासून हे पक्कं आहे. तिच्यात नातवंडांना जन्मतः हक्क नाही, आणि वडील ती हव्या त्या माणसाला देऊ शकतात. म्हणून आजोबांनी ती कशी मिळवली आणि ते कधी वारले, या दोन्ही गोष्टी वहीत लिहायलाच हव्यात. आईच्या नावावरची मालमत्ता तर बहुतेक वेळा आईची पूर्ण मालकीची असते, तिथे जन्मतः हक्काचा मुद्दा निघत नाही.

बँकेत, सोसायटीत किंवा शेअरवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणून मालकी त्याची होत नाही. नॉमिनी हा पैसे किंवा मालमत्ता हातात घेणारा माणूस, मालक वारस किंवा मृत्युपत्राचा लाभार्थी. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितलं. आयुर्विमा मात्र वेगळा बघावा लागतो. 2015 च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुलं, आई-वडील यांना नॉमिनी केलं असेल तर रक्कम त्यांचीच होऊ शकते.

आता मृत्युपत्र वाचा, पण वकिलाच्या डोळ्यांनी

कायद्याच्या अटी थोड्याच आहेत. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याने सही किंवा अंगठा केलेला हवा. किमान दोन साक्षीदार हवेत, आणि त्या दोघांनी त्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा त्याने "ही माझी सही" असं त्यांना सांगितलेलं हवं. त्यानंतर साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर हवेत असं नाही. हे भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 63.

मृत्युपत्र खरं आहे हे सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो, तुमच्यावर नाही. आणि त्याभोवती संशयाच्या जागा असतील तर त्या दूर करण्याचा भारही त्याच्यावरच. 1959 च्या वेंकटचल अय्यंगार निकालाने हे तत्त्व घालून दिलं आणि आजही प्रत्येक कोर्टात त्याचाच दाखला दिला जातो. पण तुम्ही स्वतःहून "दडपण आणलं", "फसवलं" असं म्हणालात, तर ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं, कुणी, कधी, कसं या तपशिलासह. म्हणून दाव्यात आरोपांची भाषा जपून वापरा. संशय दाखवणं पुरत असताना फसवणुकीचा आरोप अंगावर का घ्या?

प्रत टेबलावर पसरा आणि सावकाश बघा. प्रत्येक पानावर सही आहे की फक्त शेवटच्या? शेवटच्या पानावर मजकूर दोन ओळी आणि खाली सही, असं आहे का? मधल्या पानांचा टाइप, समास, कागद सारखा आहे का? वडील आयुष्यभर मराठीत सही करत असतील आणि मृत्युपत्र इंग्रजीत असेल, तर ते त्यांना कुणी वाचून समजावलं याचा उल्लेख आहे का? सही करणारा माणूस अचानक अंगठा का देतो? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा बरोबर आहेत का? स्वतःच्या शेताची चतुःसीमा चुकीची सांगणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. साक्षीदार कोण? वडिलांच्या ओळखीचे, की लाभार्थीच्या ऑफिसातले? मृत्युपत्र करायला वडिलांना कार्यालयात कुणी नेलं, वकील कुणी ठरवला, फी कुणी दिली? ज्याला सगळं मिळालं त्यानेच सगळी धावपळ केली असेल, तर ही कोर्टात सगळ्यात वजनदार ठरणारी शंका आहे.

आणि जे पुरत नाही तेही ऐका. नुसतं "मला वगळलं" ही संशयाची जागा होत नाही. वारसांमधला नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच मृत्युपत्र करतात, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय. वगळण्याचं कारण दिलेलं नाही, आणि तुमचे वडिलांशी शेवटपर्यंत चांगले संबंध होते, आणि इतर शंकाही आहेत, असं सगळं एकत्र आलं तर वजन पडतं. मृत्युपत्र नोंदवलेलं आहे म्हणून ते आपोआप सिद्ध होत नाही, पण नोंदणीच्या वेळचा फोटो आणि अंगठा कोर्ट गांभीर्याने घेतं, हेही मनात ठेवा.

पुरावा लवकर गोळा करा

दवाखान्याचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, स्मृतिभ्रंश किंवा अर्धांगवायूचं निदान, मृत्युपत्राच्या तारखेच्या आसपासचे. दवाखाने जुनं रेकॉर्ड कायम जपत नाहीत, म्हणून अर्ज लगेच करा. बँकेतल्या सहीच्या नमुन्यासाठी, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नंतर कोर्टातून समन्स काढता येतं, पण ते कुठल्या शाखेत आहे हे आत्ता लिहून ठेवा. त्या तारखेला वडील कुठे होते? गावी, की मुलाकडे पुण्याला, की दवाखान्यात दाखल? दाखल असताना दुय्यम निबंधक कार्यालयात सही झालेली दिसली, तर बाकी काही लागत नाही. शेजारी, घरी येणारी नर्स, जुने मित्र, यांच्याशी बोला. साक्ष द्यायला लावू नका, फक्त काय माहीत आहे ते टिपून ठेवा.

फेरफार आणि सोसायटी: हरकत वेळेत

मृत्युपत्राच्या आधारे जमिनीवर नाव लावायचा अर्ज आला की संबंधितांना नोटीस निघते, आणि हरकतीला 15 दिवस असतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते किंवा चावडीवर लागते आणि मुंबईतल्या बहिणीला कळत नाही. म्हणून मृत्यूनंतर लगेच तलाठी कार्यालयात लेखी कळवा की मी वारस आहे, माझा पत्ता हा, मला ऐकल्याशिवाय नोंद करू नये. हरकत दिली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. नोंद मंजूर झालीच तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील आहे. पण फेरफाराने कुणी मालक होत नाही. ती महसूल गोळा करण्यासाठीची नोंद आहे. महसूल खात्यात वर्षं घालवू नका, मालकीचा निर्णय दिवाणी कोर्टच देतं. फ्लॅटसाठी सोसायटीला याच आशयाचं पत्र द्या आणि पोच घ्या.

कोर्टात: दोन वाटा

पहिली वाट समोरच्याने उघडलेली असते. त्याने प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला मिळवण्यासाठी, अर्ज केला, तर वारस म्हणून तुम्हाला नोटीस यायला हवी. तुम्ही कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका" असा अर्ज, दाखल करायचं आणि त्यासोबत आक्षेपांचं प्रतिज्ञापत्र. त्याची मुदत फार थोडी असते, म्हणून नोटीस आली त्याच आठवड्यात वकील गाठा. कॅव्हेट पडलं की अर्जाचं रूपांतर दाव्यासारख्या लढतीत होतं. मुंबई शहरातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट अनेक दशकं सक्तीचं होतं. 2025 च्या शेवटी संसदेने उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 213 काढून ही सक्ती संपवली, पण प्रोबेट मागता येतंच आणि जुनी प्रकरणंही चालू आहेत. तुम्हाला न कळवता प्रोबेट मिळवलं असेल तर ते रद्द करण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 263 खाली अर्ज आहे, 3 वर्षांच्या आत.

प्रोबेट कोर्ट फक्त मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं. मालमत्ता वडिलोपार्जित होती की स्वकष्टार्जित, हे तिथे ठरत नाही. त्यामुळे प्रोबेट मिळालं तरी 4 एकरांतला तुमचा एक एकर शाबूत असतो. त्यासाठी दुसरी वाट आहे, वाटपाचा दावा.

वाटपाच्या दाव्यात दोन्ही मुद्दे एकत्र घेता येतात: मालमत्ता एकत्र कुटुंबाची आहे म्हणून माझा हिस्सा द्या, आणि मृत्युपत्र माझ्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करा. मुदतीचं गणित वकिलाकडून पहिल्याच भेटीत तपासून घ्या. मृत्युपत्र बंधनकारक नाही असं जाहीर करण्याच्या मागणीला 3 वर्षं, तीही हक्क नाकारला गेल्याचं पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळल्याबद्दल 12 वर्षं, वगळल्याचं कळल्यापासून. माझा सल्ला: 12 वर्षं आहेत असं धरून चालू नका, 3 च्या आत जा.

दाव्यासोबत मनाई हुकमाचा अर्ज हवाच, नाहीतर निकाल लागेपर्यंत जमीन तिसऱ्याला विकली गेलेली असते. आणि महाराष्ट्रात लिस पेंडन्सची, म्हणजे या मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, ती विसरू नका. नोंदवलेली असेल तर नंतर विकत घेणाऱ्याला "मला दाव्याची माहिती नव्हती" म्हणता येत नाही.

खटल्याचा कणा म्हणजे साक्षीदाराचा उलटतपास. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार कोर्टात यावाच लागतो, तो हयात असेल आणि येऊ शकत असेल तर. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 68 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 67. सरतपासात, म्हणजे त्याला आणणाऱ्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना, तो पाठ केल्यासारखं सांगतो. उलटतपासात प्रश्न साधे असतात. तुम्हाला कुणी बोलावलं? फोन कुणाचा आला? कार्यालयात किती वाजता पोचलात? मयत कशातून आले, स्वतः चालत की हात धरून? कागद आधीच टाइप करून आणला होता का? वाचून कुणी दाखवला? आधी सही कुणी केली? दुसरा साक्षीदार तेव्हा कुठे होता? दोन साक्षीदार वेगळं बोलले, किंवा एकाने "मी सही करायला गेलो तेव्हा त्यांची सही झालेली होती, मला काही सांगितलं नाही" असं म्हटलं, तर कलम 63 ची अट तिथेच मोडते. म्हणून तुमच्या वकिलाला मृत्युपत्राच्या दिवसाचा तासातासाचा तपशील द्या. तो तपशील त्याच्याकडे दुसरं कुणी आणून देणार नाही.

आश्रित मुलीचा पोटगीचा हक्क

मृत्युपत्र खरं ठरलं आणि मालमत्ताही वडिलांची स्वतःची निघाली, तरी एक दार उघडं राहतं. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956, कलम 21 आणि 22. अविवाहित मुलगी, आणि नवऱ्याच्या मालमत्तेतून, मुलांकडून किंवा सासऱ्याकडून निर्वाह न मिळणारी विधवा मुलगी, यांना वडिलांची मालमत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. अट अशी की मृत्युपत्राने किंवा वारसाने तिला त्या मालमत्तेत काहीच हिस्सा मिळालेला नसावा. सज्ञान मुलगा यात बसत नाही. वयस्क अविवाहित बहिणी भावाच्या मेहरबानीवर राहतात आणि हा हक्क कुणी त्यांना सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. हुकूमनामा मागताना रकमेचा बोजा मालमत्तेवर चढवून मागा, नाहीतर मालमत्ता विकली गेल्यावर वसुली अवघड होते.

हिंदू कायदा लागू नसेल तर

मुस्लिम कायद्यात अंत्यखर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही, वारसांची संमती असल्याशिवाय. सुन्नी पंथात एका वारसाला काही द्यायचं तरी इतर वारसांची संमती लागते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे: मुलांसाठी अर्धी मालमत्ता राखीव, मृत्युपत्र उरलेल्या अर्ध्याचंच. या दोन्ही ठिकाणी डावललेल्या मुलाची बाजू हिंदू मुलापेक्षा बरीच भक्कम असते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत मृत्युपत्राला अशी मर्यादा नाही, तिथे लढाई मृत्युपत्राच्या खरेपणावरच.

खर्च आणि तडजोड

महाराष्ट्रात स्त्रियांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे, 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने. मुलगी वादी असेल तर वकिलाला हे पहिल्या दिवशी विचारा. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वेळ मात्र लागतो, आणि निकालानंतर अपिलं असतात. म्हणून कागद हातात आले, बाजू किती भक्कम आहे ते कळलं, की तडजोडीचं बोलणं सुरू करायला हरकत नाही. कागद हातात नसताना केलेली तडजोड नेहमी कमीत होते.

तडजोडीत कुणाला कुठला गट, किती क्षेत्र, कुठल्या बाजूने, रस्ता आणि विहिरीचं पाणी कसं, हे नकाशासह लिहा. "सामोपचाराने ठरवू" असं एकही वाक्य ठेवू नका. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून हुकूमनामा करून घ्या. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मग हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत तलाठ्याकडे द्या, नोटिशीची मुदत संपू द्या, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का ते विचारा, आणि नवा सातबारा काढून आपलं नाव व क्षेत्र स्वतः वाचून बघा. क्षेत्र चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.